राहू दे

मंगळवारी दुपारी सव्वादोनला देवयानीने लखनौच्या वृंदावन योजनेतल्या घराची बेल दाबली, आणि दार उघडायला मेलेला माणूस स्वतः आला.

"ये," तिचे बाबा, हेमचंद्र, म्हणाले. "चेहरा काय झालाय तुझा. आधी पाणी पी."

मेलेला म्हणजे चाळीस मिनिटांपुरता. रविवारी दुपारी नातीने, शर्वरीने, 'परचुरे परिवार' या ग्रुपवर लिहिलं होतं: 'आजोबांना देवाज्ञा झाली. आता ऑपरेशन नाही होणार.' पोरगी सोळा वर्षांची, जन्म लखनौचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. निदान ग्रुपवर तरी मराठीत लिहीत जा गं, असं टुमणं देवयानीनेच तिच्यामागे लावलेलं. संस्कृतात ब्याण्णव मार्क मिळवलेल्या शर्वरीने देव अधिक आज्ञा, दीर्घसंधी, असा शब्द स्वतः तयार केला आणि दिला पाठवून. तो शब्द मराठीत आधीपासून आहे आणि माणूस गेल्यावरच वापरतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वर ऑपरेशनचं वाक्य अगदी फिट्ट बसलं. पाच मिनिटांत ग्रुपवर हात जोडणाऱ्यांची रांग लागली. सांगलीच्या श्रीरंगकाकांनी सुतकाची आंघोळ केली. इकडे लखनौची मंडळी जेवायला बसलेली, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आणि हेमचंद्र दुसऱ्यांदा वरणभात वाढून घेत होते.

देवयानीने त्या चाळीस मिनिटांत विमानाचं तिकीट काढलं आणि आणखी एक गोष्ट केली, ती तिने कुणालाच सांगितली नाही. पुण्यात हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून ती मोठ्याने म्हणाली, "देवा, नको ना." ती भूलतज्ज्ञ. कॉलेजात असल्यापासून नास्तिक बापाची नास्तिक लेक म्हणून मिरवलेली. दादाचा फोन आला, बाबा आहेत असं कळलं, ती रडली, आणि मग तिला त्या 'देवा'ची भयंकर लाज वाटली. तिकीट तिने रद्द केलं नाही, मंगळवारवर ढकललं. कारण त्या मेसेजमधली आज्ञा खरी होती. बापाने तसं तोंडाने सांगितलं होतं.

आंब्यांवर पस्तीस वर्षं संशोधन केलेला हा माणूस. बायको, विनयाबाई, देवळात जायच्या तेव्हा हा बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचा. निवृत्त झाल्यावरही मलिहाबादच्या बागांत जायचं वेड सुटलं नव्हतं. गेल्याच्या गेल्या शुक्रवारी तिथेच एका झाडाखाली कोसळला. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप इतकी अरुंद झालेली की डॉक्टर म्हणाले, हे चालत कसे होते. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवायची. ते करणारे डॉक्टर दिल्लीहून बुधवारी सकाळी येणार, म्हणून मंगळवारी पाचच्या आत भरती व्हायचं. चुकलं तर ते पुन्हा तीन आठवड्यांनी येणार, आणि तेवढे दिवस ही झडप टिकेल याची हमी कुणीच देत नव्हतं.

आणि रविवारी सकाळी पोहे खाता खाता हेमचंद्र म्हणाले होते, "ते करायचं नाही. मला तसं सांगण्यात आलंय."

"कुणी सांगितलं?" देवयानीच्या दादाने, हृषीकेशने, विचारलं होतं.

"देवाने म्हण. दुसरा शब्द माझ्याकडे नाही."

*

हृषीकेशने बँकेतून हाफ डे टाकला होता. तसाही आज ज्येष्ठातला मंगळवार, बडा मंगल. अख्ख्या लखनौत चौकाचौकांत हनुमानजीच्या नावाने भंडारे, येईल त्याला फुकट पुरी-सब्जी, बुंदी, सरबत. त्याची बायको हिमानी सेक्टरच्या मंडपात सकाळपासून वाढायला उभी होती. भोंग्यावरची भजनं थेट जेवणाच्या टेबलापर्यंत येत होती. हृषीकेशचा उपास होता. वीस वर्षं त्याचा एकही मंगळवार चुकला नव्हता. त्याचा देव झोनल मॅनेजरसारखा: इन्स्पेक्शनला कधी येईल सांगता येत नाही, म्हणून फाइल नीट ठेवलेली बरी.

फोन वाजला. हॉस्पिटल. "सर, बेड होल्ड पर है, पर पाँच के बाद नहीं रख पाएँगे."

"जी, हम बताते हैं," तो म्हणाला. तीन दिवसांत हे तो सहाव्यांदा म्हणत होता आणि काय सांगायचं ते त्यालाच माहीत नव्हतं.

देवयानीने खुर्ची बापासमोर ओढली. "बाबा, नक्की काय ऐकलंत? तुमच्या शब्दांत नको, जे ऐकलं तेच सांगा."

"'राहू दे.' एवढंच."

"मराठीत?"

"मग काय फारसीत?"

"आजोबा, आवाज़ आदमी की थी या औरत की?" शर्वरीने विचारलं.

"आवाज नव्हताच गं. शब्द होता."

"हे बघा," देवयानी म्हणाली. तिने स्वर सांभाळला होता, हात सांभाळता येत नव्हता, तो टेबलक्लॉथचा कोपरा चुरगाळत होता. "माझ्याकडे आठवड्याला दोघंतिघं असे असतात. भूल उतरताना देव भेटतो त्यांना. जेजुरीकडच्या आजींना खंडोबा भेटतो, मुसलमान चाचांना त्यांचं काही दिसतं, एका इंजिनिअरला त्याची मेलेली मांजर दिसली. मेंदूला रक्त कमी पडलं की तो घरात असलेलंच सामान बाहेर काढतो. तुमची झडप उघडत नव्हती, बाबा. बाकी काही झालं नाही त्या बागेत."

"माझ्या घरात हे सामान नव्हतं, देवू."

"आईच्या देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे जन्मभर झोपलात. होतं."

हेमचंद्रांना हसू आलं. लेकीने बरोबर पकडलं की त्यांना पूर्वीपासून आनंदच व्हायचा. "असेल. पण भुकेल्याला भाकरी दिसते म्हणून भाकरी जगात नसतेच, असं नाही ना होत?"

"मला वाद नको आहे. मला तुम्ही पाचच्या आत गाडीत बसलेले हवे आहात."

"आणि खरंच सांगितलं असेल तर?" हृषीकेश म्हणाला.

देवयानी सावकाश त्याच्याकडे वळली. "दादा, तू पण?"

"मी काही म्हणत नाहीये यार. पण आपण ओढून नेलं, आणि तिथे टेबलावर काही कमीजास्त झालं, तर? सांगून ठेवलेलं असताना? आज तर बडा मंगल."

"चतुर्थी असती तर चाललं असतं का?"

"तुझं काय जातं बोलायला. तू परवा पुण्याला जाशील. यांच्या खोलीबाहेर कान लावून मी उभा असतो, श्वास येतोय का बघत. दहा दिवस झाले. ऑफिसात फोन वाजला तरी आधी घरचा नंबर नाही ना ते बघतो." तो थांबला. बहिणीसमोर इतकं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. "मला भीती वाटते, देवू. नेलं तरी वाटते, नाही नेलं तरी वाटते."

दरवर्षी दिवाळीत देवयानी या भावाला 'हनुमानभक्त' म्हणून चिडवायची. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण दोघं एकाच पाण्यात उभे आहोत, फक्त दादाला ते कबूल करता येतं.

"पापा, आत्या ठीक कह रही हैं," शर्वरी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. रविवारपासून या सगळ्याला आपलाच तो मेसेज कारणीभूत आहे असं तिने मनाशी घेतलं होतं. "और आजोबा, मुझे ना, वो फोर्टी मिनट्स का बहुत बुरा लगता है. वो सच मत होने दीजिए, प्लीज़."

हेमचंद्रांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हो म्हणाले नाहीत. उठून हळूहळू मागच्या खोलीत गेले. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आता सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. विनयाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून कैऱ्या किसत होत्या. रविवारपासून त्या या विषयावर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. ना हो, ना नाही.

"आई, तू सांग ना त्यांना," हृषीकेश म्हणाला. "देवाधर्माचं तुलाच कळतं. तुझं ऐकतील."

"माझं?" विनयाबाईंनी किसणी आपटली. "माझं कोण ऐकतंय या घरात? देव तरी ऐकतोय का?"

मुलं आ वासून बघत राहिली. आई देवाबद्दल असं बोललेली त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

*

खरं कारण विनयाबाई कुणाला सांगू शकत नव्हत्या. काळजी होतीच. जेवण उतरत नव्हतं. पण काळजीच्या खाली जळफळाट होता. तीन दिवस त्या तो गिळत होत्या आणि तो खाली जात नव्हता.

साडेतीनला त्या मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आत येऊ का? की बसलंय कुणी तुमच्याकडे?"

"विनया, टोमणे नकोत."

"टोमणेच आहेत माझ्याकडे, दुसरं काय आहे." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "अठ्ठेचाळीस वर्षं झाली, अहो. अडचणीचे दिवस नि बाळंतपणं सोडली तर एक पूजा चुकली नाही माझी. इथल्या जानेवारीत नळाचं पाणी बोटं कापतं. बाळकृष्णाला कोमट पाणी करायचे आणि स्वतः गार पाण्याने न्हायचे, गॅस पुरवायचा म्हणून. एकदा तरी त्याने हूं म्हणावं. एकदा. आणि आला तो तुमच्याकडे. बागेत. न बोलावता. मला राग आलाय. तुमचा पण, आणि त्याचा पण."

हेमचंद्र बायकोकडे वळले. "तुला असं काही हवं होतं, हे मला माहीतच नव्हतं."

"कुणाला नको असतं?"

"मला नको होतं."

"म्हणूनच मिळालं असेल," त्या म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसलं. "कसं होतं?"

हे त्यांना आतापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. मुलाने खरं की खोटं विचारलं, मुलीने शब्द विचारले, डॉक्टरांनी किती सेकंद ते विचारलं.

"कैऱ्या लागलेल्या होत्या, पाड लागायला अवकाश होता. मी एक फांदी हातात धरून बघत होतो. एकदम सगळं गप्प झालं. पाखरं, ट्रॅक्टर, सगळं. आणि कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. दिसलं काही नाही. पण बघत होतं, आणि माझं सगळं माहीत असूनही बरं बघत होतं. मग तो शब्द. मग मी खाली."

"बरं बघत होतं म्हणजे?"

"झोपलेल्या मुलाकडे बघतात तसं."

अठ्ठेचाळीस वर्षं विनयाबाई बाळकृष्णाकडे असं बघत आल्या होत्या. आपल्याकडे कुणी असं बघावं, हे त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. बाहेर भोंग्यावर कुणी तरी सरबतासाठी लाइन लावायला सांगत होतं. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी खटकलं. चाळीस वर्षं दूधवाल्याचा आणि धोब्याचा खोटेपणा तारखांवरून पकडलेली बाई ती.

"हे शुक्रवारी झालं ना?"

"हो."

"आणि ऑपरेशन करायचं कधी ठरलं?"

"त्याच्या पुढच्या सोमवारी. रिपोर्ट आल्यावर."

"मग शुक्रवारी तो काय राहू दे म्हणाला? तेव्हा कुठे होतं ऑपरेशन? झडपेचं नाव तरी तुम्हाला माहीत होतं का?"

"त्याला माहीत असेल."

"असेल. देव आहे, असेलच. मग नीट सांगायला काय झालं होतं, ऑपरेशन राहू दे म्हणून? आणि राहू दे म्हणजे सोडून दे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? 'याला राहू दे' असं पण असेल की. तुमच्याशी बोलतच नसेल तो. तुम्हाला न्यायला कुणी आलं असेल, त्याला सांगत असेल."

हेमचंद्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा न घालताच हातात धरला.

"मी असा विचारच केला नाही," ते म्हणाले.

"तुम्ही आपल्याला हवं ते ऐकलंत. मी मला हवं ते ऐकतेय. मी काही तिथे नव्हते."

"मला ते का हवं होतं, विचार ना."

"का?"

ते खिडकीकडे बघत बोलले. "देवू म्हणते ते मला आधीच माहीत आहे. रक्त कमी पडलं की असं होतं, मी वाचलंय. आता बघ. नवी झडप बसली, रक्त नीट पोचायला लागलं, आणि ते पुन्हा कधी आलंच नाही, तर? तर ते झडपेचंच होतं. मी जन्मभर असेच निष्कर्ष काढत आलो. एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. हा एवढा प्रयोग मला करायचा नाही, विनया. मरायची भीती नाही वाटत. याची वाटते."

विनयाबाईंना एवढा वेळ आलेला राग कुठे गेला ते कळलं नाही. समोर सत्तरी ओलांडलेला माणूस बसला होता, आणि हातात आलेली एकच चीज कुणी काढून घेईल म्हणून घाबरला होता.

"म्हणजे आता आलात तुम्ही आमच्यात," त्या म्हणाल्या.

"कुणात?"

"ज्यांच्याकडे तो येत नाही त्यांच्यात. मी, हृषी, तिकडे मंडपात उन्हात पुऱ्या लाटणाऱ्या बायका. आम्हाला कुणाला काही दिसत नाही. आज नाही आला म्हणून कुणी उठून जात नाही, उद्या परत बसतात. तुम्हाला निदान एकदा मिळालं. पुन्हा येईल, नाही येईल. तेवढ्यावर बसा की आता, दहापंधरा वर्षं. बसायला काय झालंय?"

"आणि ते खोटं ठरलं तर?"

"खोटं ठरलं तरी बसायचं. मी नाही बसत? बसायला मी शिकवीन." त्यांनी त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. "आणि एक सांगते. तो नाही आला तर चालतं मला. सवय आहे. तुम्ही नसलात तर मला नाही चालणार. मला ते जमणार नाही, अहो. मी सांगून ठेवते."

हे त्या लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बोलल्या. दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

"रोज काय मागतेस तिथे?" हेमचंद्रांनी विचारलं.

"मागत नाही काही. दोन नमस्कार करते आणि उठते."

"दोन कशाला?"

"एक माझा. एक तुमचा. तुम्ही करायचा नाहीत ना, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्याचा पण तूच करत जा, पोरगा वाऱ्यावर नको."

"अठ्ठेचाळीस वर्षं? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

हेमचंद्र हसायला लागले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. त्या घाबरून पाठ चोळू लागल्या. धाप बसल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तो माझ्याकडे आला तो तुझ्या—"

"पत्ता चुकला म्हणा हवं तर," विनयाबाई म्हणाल्या. "वाजले किती?"

चार वाजायला दहा मिनिटं होती. हेमचंद्रांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हृषीला सांग, गाडी काढ म्हणावं."

*

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. हृषीकेशला किल्ली सापडेना, ती खिशातच होती. देवयानी रिपोर्टची फाइल छातीशी धरून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडून आली. आईने नक्की काय सांगितलं, हे दोघांनाही विचारायचं होतं आणि दोघांनीही विचारलं नाही. कसंबसं जमून आलं आहे, त्याला हात लावू नये, एवढं त्यांना कळत होतं.

निघताना हेमचंद्र देव्हाऱ्यापाशी थांबले. सगळे बघत होते. हृषीकेशचे तर हात अर्धे जोडले गेले. हेमचंद्रांनी हात वर केला, भिंतीवर टेकवला आणि नुसतेच उभे राहिले.

"मला नाही जमत," ते विनयाबाईंना म्हणाले. "आज गरज पडली म्हणून करायचा, हे बरं दिसत नाही. माझा तूच कर."

विनयाबाई खाली बसल्या. डोकं पाटाला टेकवलं. एरवी नमस्कार म्हणजे खाली वाकायचं आणि वर यायचं, दूध उतू जायच्या आत उरकायचं काम. आज त्या उठेनात. अंगणातून हृषीकेशने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा शर्वरीने हात देऊन त्यांना उठवलं.

तेलीबागच्या चौकात गाडी अडकली. भंडाऱ्याचा मंडप अर्ध्या रस्त्यात आलेला, लोक कागदी द्रोण घेऊन गाड्यांच्या मधून चाललेले. साडेचार होऊन गेले होते. हृषीकेश पुटपुटत होता, ते स्तोत्र होतं की शिवी ते ऐकू येत नव्हतं. पुढच्या सीटवरून देवयानीने दर दोन मिनिटांनी मागे वळून बापाच्या ओठांचा रंग बघितला. फाटक्या बनियनमधल्या एका माणसाने खिडकीतून बुंदीचा द्रोण आत सरकवला, "बाबूजी, परसाद," आणि हेमचंद्रांनी तो घेतला, एक दाणा तोंडात टाकला आणि उरलेला शर्वरीकडे दिला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

तेव्हा विनयाबाईंच्या लक्षात आलं की निघताना आपण एकच नमस्कार केला. त्यांचा. स्वतःचा राहून गेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. इथे गाडीतच हात जोडावे असं त्यांच्या मनात आलं. पण दोन्ही हातांत त्यांनी हेमचंद्रांचा हात धरलेला होता, आणि तो त्यांनी सोडला नाही.